दगड चार बोटं की वीतभर? मुरमाड उतारावरच्या सापसुरळीचं गणित

नोव्हेंबरातली सकाळ, खारघरच्या टेकडीची दक्षिणेकडची उतरण. सूर्य वर येऊन तासभर झालाय. ताटाएवढ्या काळ्या दगडाच्या कडेला गवताची दोन सुकी पाती हलतात आणि करंगळीच्या पेराएवढं तपकिरी डोकं बाहेर येतं. तेवढंच. अंग अजून आत. खालची पापणी वर जाते, मिटते, उघडते. जीभ क्षणभर बाहेर येऊन आत जाते. चार-पाच मिनिटांनी पुढचे पाय बाहेर, मग सगळं अंग. बरगड्या पसरून ती दगडाला अशी चिकटते की एरवी गोल असणारं शरीर पट्टीसारखं चपटं दिसतं. दहा मिनिटांत तिचं ऊन खाऊन होतं. तुमची सावली दगडावर पडली की ती जिथून आली तिथेच, त्याच फटीत नाहीशी होते.

हीच सापसुरळी. बऱ्याच घरांत तिला ‘सापाची मावशी’ म्हणतात, आणि मावशी म्हटल्यावर विषही तिच्या माथी मारलं जातं. जगातली एकही सापसुरळी विषारी नाही. चावलीच तर साबणाने धुण्यापलीकडे काही करावं लागत नाही, आणि या छोट्या जातींचे दात बहुतेकदा कातडीतून आतही जात नाहीत.

आपल्याकडे त्यांच्या बऱ्याच जाती आहेत, पण ठाणे-नवी मुंबईच्या उतारांवर साधारण दोन घडणींच्या सापसुरळ्या भेटतात. पहिली गवती सापसुरळी: पाय नीट, चाल सरड्यासारखी. त्यातली मोठी ती युट्रोपिस कॅरिनाटा. शेपटीसकट फूटभर होऊ शकते, आणि बागेत, कुंडीमागे दिसते ती बहुधा हीच. छोटी, ब्राँझ रंगाची ती युट्रोपिस मॅक्युलेरिया. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत सहा-सात सेंटिमीटर. दुसरी घडण रायोपा या गटाची: लांबट, गुळगुळीत, पाय इतके आखूड की पळताना ते अंगाला चिकटवून ती चक्क सापासारखी सरकते. रायोपा पंक्टाटाच्या पिल्लाची शेपटी लालभडक असते. सर्पमित्रांना ‘लाल शेपटीचा साप निघालाय’ म्हणून जे फोन येतात, त्यातला साप पुष्कळदा हे पिल्लू असतं.

साप की सापसुरळी, हे ठरवायला पाय शोधत बसू नका. गवतात ते दिसत नाहीत. डोळ्यामागे कानाचं भोक दिसलं किंवा डोळा मिटला, तर तो साप नव्हे. सापाला बाहेरचा कान नसतो आणि पापणीही नसते. दोन गवती सापसुरळ्या एकमेकींपासून ओळखायच्या तर पाठीच्या खवल्याचा जवळून फोटो काढून मोठा करून बघा. प्रत्येक खवल्यावर लांबीच्या दिशेने बारीक कणे उठलेले असतात. कॅरिनाटाला बहुधा 3, मॅक्युलेरियाला बहुधा 5 किंवा जास्त. रंगावर विसंबाल तर फसाल. कात टाकायच्या आधी सगळ्याच मळकट दिसतात, आणि विणीच्या दिवसांत मॅक्युलेरियाच्या नराच्या ओठांवर नि बाजूंवर लालसर-नारिंगी छटा येते, ती पाहून लोक नवीच जात सापडल्याचं जाहीर करतात.

पापणीची खिडकी

कोरड्या, धुळीच्या जमिनीत, दगडाखालून सरपटत जगायचं तर डोळा ही मोठी अडचण. उघडा ठेवला तर माती जाते आणि ओलावा उडतो. मिटला तर दिसत नाही. सापसुरळ्यांच्या कुळात या अडचणीची उत्तरं पायरीपायरीने दिसतात. काहींची खालची पापणी नेहमीसारखी खवल्यांची. काहींच्या त्याच पापणीच्या मधोमध एक पारदर्शक चकती असते, म्हणजे डोळा मिटूनही उजेड-अंधार आणि हालचाल कळते. आणि अ‍ॅब्लेफेरस या गटात ही चकती मोठी होत होत वरच्या कडेला जुळून गेली आहे. पापणी कायमची मिटलेली आणि कायमची पारदर्शक, थेट सापासारखी. त्या गटाचं नावच ‘बिनपापणीची’ या अर्थाचं आहे, जरी खरं तर पापणी गेलेली नाही, तिची काच झाली आहे.

या गटातली एक जात, अ‍ॅब्लेफेरस ग्रेयानस, कच्छ आणि राजस्थानच्या कोरड्या भागात आढळते. दुसरी, अ‍ॅब्लेफेरस किटायबेली, आग्नेय युरोपात हंगेरी ते तुर्कस्तान या पट्ट्यात. पाल किटायबेल या हंगेरियन वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव तिला 1833 मध्ये मिळालं. बुडापेस्टमध्ये बुडा बाजूच्या टेकड्यांवर, म्हणजे शहराला अगदी लागून, ती राहते. खडकाळ, उन्हाकडे तोंड केलेलं, विरळ गवताचं कुरण आणि शेजारी ओकच्या पाल्याचा थर, ही तिची आवडती जागा. युरोपीय संघाच्या अधिवास निर्देशाच्या चौथ्या परिशिष्टात ती आहे, म्हणजे तिला तिथे कडक संरक्षण आहे. बोटाएवढा प्राणी, राजधानीच्या कडेची टेकडी आणि इमारतींचा रेटा: ठाणे-नवी मुंबईतल्या आपल्या पारसिकच्या डोंगररांगेशी तुलना करायला याहून चांगली जागा मिळणार नाही. फरक एवढाच, की तिथे दगडाची फट थंडीपासून वाचवते आणि इथे मे महिन्यातल्या उन्हापासून.

दगडाचा हिशेब

सापसुरळी स्वतःची उष्णता तयार करत नाही. तिला धावायला, शिकार पचवायला अंग साधारण 30 ते 35 अंशांवर लागतं. वीस-बावीसला ती सुस्त; चाळिशी ओलांडली की स्नायूंवरचा ताबा सुटू लागतो आणि तिथून मरण फार लांब नसतं. हा सात-आठ ग्रॅमचा जीव, तिचं अंग काही मिनिटांत तापतं आणि तितक्याच लवकर निवतं. म्हणून तिचा दिवस म्हणजे योग्य तापमानाची जागा शोधत केलेली हातभराची ये-जा.

यात पहिला प्रश्न उताराच्या दिशेचा. आपण 19 अंश उत्तर अक्षांशावर आहोत. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण 47 अंशांवर असतो. 25 अंशांचा दक्षिण उतार असेल तर ऊन त्यावर 72 अंशांनी, जवळजवळ सरळ पडतं. तेवढ्याच उत्तर उतारावर 22 अंशांनी, म्हणजे खरडत जातं. दर चौरस मीटरला मिळणाऱ्या उन्हात जवळपास अडीच पटींचा फरक पडतो. मेच्या मध्यावर मात्र शून्य सावलीच्या दिवशी सूर्य डोक्यावर येतो आणि भर दुपारी दोन्ही उतार सारखेच भाजतात. सापसुरळी हिवाळ्यात दक्षिण उतारावर सहज दिसते आणि उन्हाळ्यात ‘गेली कुठे’ असं होतं, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं उत्तर दगडाच्या जाडीत. आपला दगड दख्खनचा बेसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. बेसाल्टमधून उष्णता ज्या गतीने आत जाते त्यावरून ढोबळ हिशेब मांडता येतो. हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशी दगडाचा पृष्ठभाग पहाटे 18 आणि दुपारी 44 अंश झाला, असं धरू. चढउतार 26 अंशांचा. पाच सेंटिमीटर खाली तो 19 उरतो, पंधरा सेंटिमीटर खाली सुमारे 10, तीस सेंटिमीटर खाली जेमतेम 4. शिवाय उष्णता पोचायला वेळ लागतो: पाच सेंटिमीटरला सव्वा तास, पंधराला जवळपास चार तास. पृष्ठभाग दुपारी एक-दीडला सर्वांत तापला, तर पंधरा सेंटिमीटर जाड दगडाची खालची बाजू सर्वांत उबदार होते संध्याकाळी पाच-साडेपाचला, जेव्हा वरचं ऊन ओसरलेलं असतं.

आता हेच आकडे तापमानात वाचा. चार बोटांहून पातळ, पाच सेंटिमीटरचा दगड: खाली पहाटे 21-22, दुपारी चाळिशीला टेकलेला. सकाळी लवकर ऊब देतो, दुपारी भट्टी होतो. पंधरा सेंटिमीटरचा: 26 ते 36. म्हणजे दुपारपासून रात्र पडेपर्यंत तो नेमका तिला हवा तसा. वीतभर किंवा त्याहून जाड, तीस सेंटिमीटरचा धोंडा: दिवसरात्र 29 ते 33, जणू वातानुकूलित खोली. प्रत्यक्षात खालचा सुका मुरूम उष्णता सावकाश वाहून नेतो, त्यामुळे पातळ दगड या हिशेबाहूनही जास्त तापतो. दगडाखालीही मध्यभाग आणि कड यांत काही अंशांचा फरक असतोच, आणि ती तेवढ्यात सरकत राहते.

मेमध्ये हे सगळे आकडे आठ-दहा अंशांनी वर जातात. पाच सेंटिमीटरचा दगड पन्नाशीला पोचून मारक होतो, पंधराचाही दुपारनंतर धोक्याचा. तेव्हा ती जाड धोंड्याखाली, कातळाच्या भेगेत, गवताच्या मुळांच्या गड्ड्यात खोल जाते आणि फक्त सकाळ-संध्याकाळ थोडी बाहेर येते. म्हणजे एकाच सापसुरळीला वर्षभरात एकाहून अधिक जाडीचे दगड लागतात, आणि तेही एकमेकांपासून पाच-दहा मीटरच्या आत, कारण मधलं उघडं अंतर शिक्र्यासारख्या शिकारी पक्ष्याच्या नजरेखालून काटावं लागतं. उतारावर हजार दगड पडलेले असले तरी ते सगळे एकाच जाडीचे असतील, तर तिच्या हिशेबी जागा अर्ध्या वर्षापुरतीच.

बारा महिन्यांतला चार महिन्यांचा पाऊस ही आपल्याकडची खास भानगड. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. ‘कोरडं माळरान’ हे वर्णन इथे आठ महिन्यांचंच. पावसाळ्यात ज्या दगडाखालून पाणी वाहतं तो निरुपयोगी; थोड्या उंचवट्यावरचा, खाली निचरा होणारा दगड मोलाचा. ओलावा मात्र नकोसा नाही. सापसुरळीच्या अंड्याचं कवच कोंबडीसारखं कडक नसून चामड्यासारखं असतं आणि ते मातीतलं पाणी आत ओढून वाढत जातं. माती फार कोरडी असेल तर अंडं आक्रसतं, पाण्यात बुडालं तर गर्भ गुदमरतो. चांगल्या दगडाची कड मातीत नीट बसलेली असते, त्यामुळे खालची दमट हवा बाहेरच्या वाऱ्याने सुकत नाही.

दगड उचलायचाच असेल तर

बघायला म्हणून दगड उलटे करणाऱ्यांमुळे जितकं नुकसान होतं तितकं साप-घारींमुळे होत नाही, असं आमचं ठाम मत आहे. खरं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळी आठ ते दहा या वेळात, दोन-तीन मीटरवर स्तब्ध बसून दुर्बिणीतून बघितलं तर न उचलता जास्त दिसतं. नोंदीसाठी उचलायचाच झाला तर आधी दगडाच्या कडा कशा बसल्यात त्याचा फोटो घ्या. हात कधीच खाली घालू नका. या उतारांवर फुरसं आणि विंचू याच फटींत असतात. लोखंडी आकडा दगडाच्या पलीकडच्या कडेला अडकवून दगड आपल्याकडे कलता करा, म्हणजे उघडलेलं तोंड पलीकडे राहतं आणि तुमच्या आणि आतल्या प्राण्याच्या मध्ये दगड असतो. पाय बुटात. फुरसं चावलंच तर पट्ट्या आवळणं, चिरा देणं वगैरे काही न करता, हालचाल कमी ठेवून सरळ सर्पदंशावरची लस असलेलं रुग्णालय गाठायचं.

परत ठेवताना सगळे चुकतात. सापसुरळी तिथेच बसलेली असताना दगड सोडला की ती चिरडते. आधी तिला बाजूच्या गवतात जाऊ द्या, दगड फोटोतल्यासारखाच, त्याच दिशेने, त्याच खळग्यात बसवा. ती कडेने आपली आत जाईल. एका बाजूने दोन बोटांची फट राहिली तरी दगड ‘परत ठेवला’ असं आपल्याला वाटतं, तिच्या दृष्टीने मात्र घर मोडलं. ओलावा उडतो, वाळव्या जातात, आणि त्या फटीतून कवड्या साप आत शिरतो. एकदा उचललेला दगड पुढचा महिनाभर उचलू नये.

तापमान मोजायला बिनस्पर्शाचा तापमापक चालतो, पण तो किती जागा बघतो हे समजून घ्या. 12 ला 1 असं ज्याच्यावर लिहिलंय तो 60 सेंटिमीटरवरून 5 सेंटिमीटर व्यासाच्या जागेची सरासरी दाखवतो. उभ्याने मोजलं तर दगडासोबत गवतही मोजलं जातं. हातभर अंतरावर या, आणि उचलल्यावर पहिल्या दहा सेकंदांत मोजा. नंतर मोजताय ते बाहेरच्या हवेचं आणि उन्हाचं.

शेपटी तुटते तेव्हा

शेपटी कुणी ओढली म्हणून नव्हे, ती स्वतः तोडते. शेपटीच्या मणक्यांत मधोमध आधीच एक कमजोर रेघ असते. तिथले स्नायू जोराने आवळले की मणका दुभंगतो, रक्तवाहिन्या लगेच आकुंचन पावतात आणि रक्त फारसं येत नाही. तुटलेला तुकडा वळवळत राहतो, शत्रू त्यात गुंततो. नवी शेपटी येते, पण तिच्यात मणके नसतात, कूर्चेची सलग दांडी असते, त्यामुळे पुढच्या वेळी तिला त्याच्या वरच्या, जुन्या भागातच तोडावं लागतं. भांडवल संपत जातं. शिवाय शेपटी ही तिची चरबीची साठवण. उन्हाळ्याच्या तोंडावर ती गेली तर कठीण महिने उपाशी जातात. शेपटी धरून उचलून गंमत म्हणून फोटो काढणाऱ्याला हे सांगायला हवं.

घरात, विशेषतः टेकडीला लागून नव्याने झालेल्या इमारतींच्या तळमजल्यावर ती शिरली तर दार उघडून दिवा घालवा. बाहेरच्या उजेडाकडे जाते. नाहीच गेली तर वरून रुंद डबा पालथा घाला, खालून पुठ्ठा सरकवा. फिनेल ओतू नका, तिच्या नाकाडोळ्यांना आणि कातडीला ते भाजतं. उंदरांच्या चिकट सापळ्यावर अडकली असेल तर ओढायचं नाही. मोकळ्या चिकट भागावर आधी कोरडी माती पसरा, म्हणजे ती पुन्हा चिकटणार नाही. मग कापसाच्या काडीने खाण्याचं तेल थेंबथेंब कडेने सोडत, आधी डोकं, मग पाय, शेवटी शेपटी, असं सोडवा. नाकपुड्यांत तेल जाता कामा नये. सोडवल्यावर कोमट पाण्यात बुडवलेल्या मऊ फडक्याने पुसून सावलीतल्या दगडाशी ठेवा. तेलकट अंगाने उन्हात सोडली तर धूळ चिकटून तिला चालता येत नाही.

झाडं कुठे लावायची

दर पावसाळ्यात या उतारांवर वृक्षारोपण होतं आणि हेतू चांगला असतो. हेही मान्य, की आपले सगळे गवताळ उतार मुळचे गवताळ नाहीत. बरेचसे तोडलेल्या, वारंवार पेटलेल्या जंगलाच्या जागी आहेत आणि तिथे झाडं परत यायलाच हवीत. पण जिथे कातळावर चार बोटं माती आहे तिथे दीड फुटाचा खड्डा घ्यायचा म्हणजे दगड फोडणं आलं. ते रोप दुसऱ्या उन्हाळ्यात जातं आणि दगडही गेलेला असतो. तपासायला आठ मिलिमीटरची सळई पुरते: चांगला पाऊस झाल्यावर ती हाताने दाबा. वीतभरही आत न जाता ठण्ण वाजली, तर ती जागा गवताची नि सापसुरळीची. दोन वीत गेली तर खुशाल खड्डा घ्या. खड्ड्यातून निघालेले चपटे दगड बांधाला वाहून न नेता जवळच, जी बाजू खाली होती ती खालीच ठेवून, मुरमावर बसवा. बांधाच्या रचलेल्या दगडांत फटी असतात खऱ्या, पण त्यांतून वारा खेळतो. चपट्या दगडाखालचा दमटपणा तिथे येत नाही.

वणव्याचंही असंच उलगडून बघावं लागतं. गवताची आग मिनिटांत पुढे सरकते आणि चार-पाच सेंटिमीटर खालची माती फारशी तापत नाही, म्हणून जाड दगडाखालची सापसुरळी बहुधा आगीतून वाचते. तिला मारते ती नंतरची जमीन: काळी, उघडी, आणखी तापणारी, नाकतोडे-कोळी गायब, आणि वर बगळे नि घारी जमलेल्या. पाच मीटरवर न जळालेल्या कुसळी गवताचा एखादा पट्टा राहिला तर तिला जाता येतं. म्हणून वणवा अडवायची जाळरेषा काढताना सगळा उतार एका दमात साफ करण्यापेक्षा पट्ट्यापट्ट्यांनी काढलेली बरी.

दगड नेऊन सोसायटीच्या बागेत मांडणं, माथ्यावर एकावर एक रचून मनोरे करणं, हे निरुपद्रवी वाटतं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्याने बागांसाठी रानातले दगड उचलणं हे वन्यजीवांवरचं अधिकृत संकट म्हणून नोंदवलंय, कारण सिडनीभोवतीच्या कातळांवरून चपटे दगड गेल्यावर त्यांखालच्या पाली आणि त्या पाली खाणारे साप दोन्ही घटले. येऊरसारख्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून तर दगड काय नि प्राणी काय, काहीच उचलता येत नाही.

दगड गेलेल्या जागी परत मांडायचे असतील तर फूट ते दीड फूट रुंदीचे, पाच, पंधरा आणि तीस सेंटिमीटर जाडीचे मिसळून घ्या. सिमेंट नको. खालचा मुरूम किंचित खरवडून एका बाजूला जेमतेम बोट शिरेल एवढीच फट ठेवा, आणि ती उताराच्या खालच्या अंगाला, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. निम्मी कड गवतात असू द्या. पेव्हर ब्लॉक उरलेत ते टाकू का, असं हमखास विचारलं जातं. ते सहा-आठ सेंटिमीटरचे असतात. हिवाळ्यात सकाळी कामाचे, एप्रिल लागला की तवा. त्यांच्या शेजारी एखादा वीतभर जाड धोंडा असेल तर टाका.